कमॉडिटी ट्रेडर ते फंड मॅनेजर: ही वाट खरी कशी असते? (सल्ला हवा आहे)

निखिल_कांजूर

नमस्कार मंडळी,

मी २७ वर्षांचा, बी.कॉम. एका ब्रोकरच्या रिस्क विभागात संध्याकाळच्या पाळीत काम करतो. कमॉडिटीच्या ग्राहकाचं मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) कमी पडलं की फोन करायचा, वेळेत भरलं नाही तर पोझिशन (उघडा सौदा) कापायची. हे करता करता सोनं-चांदी, क्रूड, नॅचरल गॅस यांची गोडी लागली. नीसम या बाजाराच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची कमॉडिटी डेरिव्हेटिव्ह्जची (वायदे वगैरे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज ठरलेल्या भावाचे सौदे) परीक्षा पास झालोय. ऑफिसची परवानगी काढून गेल्या दिवाळीपासून स्वतःच्या खात्यात सिल्व्हर मायक्रो आणि क्रूड मिनीचे छोटे सौदे करतो. खातं थोडं वर आहे.

मला हा पेशा म्हणून करायचाय. आधी ट्रेडर आणि पुढे कधीतरी लोकांचा पैसा सांभाळणारा मॅनेजर, असं डोक्यात आहे. पण आमच्या ओळखीत या धंद्यातलं कुणीच नाही. यूट्यूबवर दिसतात ते बहुतेक कोर्स विकणारे. एमबीए करू, सीएफए (गुंतवणुकीची परीक्षा) करू, की सरळ एखाद्या प्रॉप डेस्कवर (फर्मच्याच पैशाने सौदे करणारा विभाग) चिकटू? दिवस कसा असतो, कमाई कशावर ठरते, लोक टिकत का नाहीत, हे कुणी आतलं सांगेल का?

आणखी एक. मामा आणि चाळीतले दोन काका प्रत्येकी पाच लाख द्यायला तयार आहेत. "महिन्याला दोन टक्के दे, वरचं तुझं," असं म्हणतात. आईला वाटतं, एवढे लोक विश्वास टाकतायत तर घ्यावेत. अशी सुरुवात केली तर तो अनुभव म्हणून धरतात का?

मृणाल_माहीम

निखिल, आधी मामांच्या पैशाचं बोलते, कारण ते आज-उद्या ठरणार आहे. घेऊ नका.

कायद्याची बाजू थोडक्यात. दुसऱ्याचा पैसा फी घेऊन बाजारात सांभाळायचा तर सेबीकडे, म्हणजे बाजाराच्या नियामकाकडे, पोर्टफोलिओ मॅनेजर (पीएमएस) म्हणून नोंदणी लागते. २०२० च्या नियमांनी त्यासाठी कंपनीची नेटवर्थ ५ कोटी आणि प्रत्येक ग्राहकाची किमान गुंतवणूक ५० लाख ठरवली आहे. शिवाय नोंदणी असलेल्या मॅनेजरलाही ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही. ओळखीच्यांकडून रकमा गोळा करून दरमहा टक्के द्यायचं कबूल करायचं आणि पुढे ते थांबवायचं, यात महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा एमपीआयडी कायदा १९९९ लागू शकतो. हा अनुभव कुठल्याही अर्जात लिहिता येणार नाही. उलट लपवावा लागेल.

पण मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. महिन्याला दोन टक्के ठरलेल्या तारखेला द्यायचे असले की माणूस बाजार बघून सौदा करत नाही, तारीख बघून करतो. वीस तारीख उलटली, खात्यात काही जमलं नाही, तर हात आपोआप मोठ्या लॉटकडे, म्हणजे मोठ्या सौद्याकडे, जातो. तुम्ही रोज ज्यांच्या पोझिशन कापता ना, त्यातल्या किती जणांच्या मागे असा कुणीतरी मामा उभा असतो, ते फोनवर कळत नाही. माझ्या ओळखीतली दोन-तीन चांगली, बुद्धिमान मुलं या धंद्यातून अशीच गेली. त्यांचा बाजाराचा अंदाज वाईट नव्हता. त्यांच्याकडे थांबायची सोय नव्हती.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. थोडं लांबेल, पण तुम्ही मनापासून विचारलंय.

मी या धंद्यात शिरले ती मस्जिद बंदरच्या एका खाद्यतेल आयातदाराच्या पेढीतून. रसायनशास्त्राची पदवी होती, काम होतं कागदाचं. रोज सकाळी मलेशियाचा पामतेलाचा भाव घ्यायचा, त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवायचा, डॉलरने गुणायचं, मग आयात शुल्क. हे शुल्क खरेदीच्या किमतीवर लागत नाही, सरकार दर पंधरवड्याला जी टॅरिफ व्हॅल्यू जाहीर करतं तिच्यावर लागतं. वर बंदराचा खर्च, टाकीचं भाडं, घट. शेवटी एक आकडा यायचा, आपल्या दारात तेल कितीला पडतं त्याचा. तो हाजिर (रोखीच्या) बाजाराच्या भावाशेजारी ठेवायचा. दोन्हीत फरक दिसला की शेठ फोन उचलायचे. तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं. पण भावाच्या पोटात काय काय असतं ते मला त्या तक्त्याने शिकवलं. आजही चार्ट उघडण्याआधी मी मनात तो तक्ता मांडते: माल कुठला, कुठून येतो, वाटेत कोण हात लावतं, सरकार कुठे बसलंय.

२००३ च्या शेवटी एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स हे कमॉडिटी वायद्यांचे बाजार एकापाठोपाठ सुरू झाले आणि आमच्यासारख्यांना एकदम मागणी आली. ब्रोकरांकडे शेअरबाजाराची मुलं भरपूर होती, पण एरंडीची पोती कशी तपासतात, पामतेलात फ्री फॅटी ॲसिड किती चालतं, हे माहीत असणारं कुणी नव्हतं. मी एका ब्रोकरच्या कमॉडिटी डेस्कवर गेले. आधी संशोधन, मग सराफांचं आणि तेल गिरण्यांचं हेजिंग (मालाच्या भावाचा धोका वायद्यात उलटा सौदा करून झाकणं), मग मालकाच्या पैशावर आर्बिट्राज (दोन बाजारांतल्या भावफरकाचे सौदे) आणि कॅलेंडर स्प्रेड, म्हणजे एकाच मालाचा जवळचा महिना आणि लांबचा महिना यांतल्या फरकाचे सौदे.

परक्याचा पैसा सांभाळायचं मात्र खूप उशिरा आलं, कारण वाटच नव्हती. अमेरिकेत ही वाट जुनी. शिकागोचं धान्याचं एक्स्चेंज १८४८ चं, १९७४ च्या कायद्याने सीएफटीसी हा नियामक आला आणि कमॉडिटी ट्रेडिंग ॲडव्हायझर हा तिकडे नोंदणी असलेला पेशा झाला. वायद्याचा इतिहास आपल्याकडे काही कमी नाही. मुंबईत कापसाच्या व्यापाऱ्यांनी १८७५ मध्येच संघटना बांधली होती, आणि कॉटन ग्रीनला उतरणाऱ्या माणसाला त्या बाजाराचं नाव अजून वाचायला मिळतं. पण स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं एकेका मालाचा वायदा बंदच होत गेला. १९५३ पासून फॉरवर्ड मार्केट्स कमिशन होतं, ते सप्टेंबर २०१५ मध्ये सेबीत विलीन झालं. त्यानंतर दारं उघडली. २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या एआयएफना (मोठ्या गुंतवणूकदारांचे खाजगी फंड) कमॉडिटी वायद्यात उतरायला परवानगी मिळाली, २०१९ मध्ये म्युच्युअल फंड आणि पीएमएसना. मी सध्या एका तिसऱ्या श्रेणीच्या फंडात आहे. तिथे एका गुंतवणूकदाराची किमान रक्कम एक कोटी असते. म्हणजे तुम्ही म्हणताय ते करिअर भारतात रीतसर सुरू होऊन फार वर्षं झालेली नाहीत. तुमच्या पिढीला ते पहिल्या दिवसापासून मिळतंय, याचा मला खरंच आनंद होतो.

दिवस कसा असतो? सकाळी नऊला बाजार उघडतो, पण सोनं, क्रूड, तांबं यांचा खरा दिवस संध्याकाळी सहानंतर सुरू होतो. अमेरिकेचे रोजगाराचे आकडे शुक्रवारी संध्याकाळी, क्रूडच्या साठ्याचे बुधवारी रात्री आठला, गॅसचे गुरुवारी आठला. तिकडे हिवाळा असला की सगळं एक तास पुढे. बाजार उन्हाळ्यात साडेअकराला बंद होतो, हिवाळ्यात पाच मिनिटं कमी बाराला. आणि फेडचा (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) व्याजदराचा निर्णय उन्हाळ्यात आपल्या घड्याळाने नेमका साडेअकराला येतो. आपल्याकडे कुलूप लागतं आणि तिकडे सोनं हलायला लागतं. दुसऱ्या दिवशी नऊला भावात गॅप दिसतो, त्यात स्टॉप लॉस (ठरलेल्या भावाला तोटा कापायची ऑर्डर) काहीच कामाचा नसतो. फेडच्या दिवशी किती लॉट रात्रभर ठेवायचे हे म्हणूनच दुपारी ठरवायचं असतं, रात्री सव्वाअकराला नाही. घरच्यांना हे वेळापत्रक आधी नीट समजावून सांगा. माझ्या सासूबाईंनी मुलीची संध्याकाळ सांभाळली म्हणून मी टिकले, हे मी प्रत्येक मुलाखतीत सांगते.

स्वतःच्या पैशाचा ट्रेडर आणि लोकांच्या पैशाचा मॅनेजर, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यातून दुसऱ्यात बढती मिळते असं समजू नका. २० एप्रिल २०२० चं उदाहरण घ्या. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स त्या दिवसांत संध्याकाळी पाचला बंद होत होतं. एप्रिलच्या क्रूडची त्याच दिवशी एक्सपायरी (वायद्याची मुदत संपायचा दिवस). पाच वाजता आपल्याकडे भाव नऊशेच्या वर होता. मध्यरात्रीच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर सेटल झाला, आणि त्यावरूनच आपला सौदा उणे २,८८४ रुपये बॅरलला. एक लॉट शंभर बॅरलचा. नऊशेला घेतलेल्या एका लॉटमागे तोटा पावणेचार लाखांहून जास्त. भाव शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, या समजुतीवर "फार तर नव्वद हजार जातील" असा हिशेब करून बसलेले लोक होते. कुणाचा अंदाज चुकला म्हणून हे झालं नाही. साठवायला टाक्या नव्हत्या, म्हणून माल हातात घ्यायला कुणी तयार नव्हतं.

त्या रात्री आमच्याकडे एप्रिलचा एकही लॉट नव्हता. आम्ही शहाणे होतो म्हणून नव्हे, नियम होता म्हणून: एक्सपायरीच्या आठवड्यात जवळच्या महिन्यात काही ठेवायचं नाही, कितीही आकर्षक दिसलं तरी. हा नियम वर्षातून अनेकदा आम्हाला नफ्याबाहेर ठेवतो. स्वतःच्या पैशाचा ट्रेडर तो मोडू शकतो, आणि कधी कधी मोडून भरपूर कमावतो. दुसऱ्याचा पैसा असेल तर तो मोडायचा अधिकार माझा नाही.

कमाईचं विचारलंत. प्रॉप डेस्कवर पगार बेताचा आणि नफ्यात वाटा. फंडात ठरावीक फी आणि वर नफ्यातला वाटा, पण तो हाय वॉटर मार्कच्या वर. म्हणजे शंभराचे एकशेवीस केले, वाटा घेतला. मग एकशेआठ झाले. आता पुन्हा एकशेवीस ओलांडेपर्यंत वाटा शून्य. पीएमएसला सेबीने हे बंधनच घातलंय, आणि ते योग्य आहे. पण लोक टिकत का नाहीत त्याचं उत्तरही इथेच आहे. वीस टक्के खाली गेलात तर बरोबरीला यायला पंचवीस टक्के लागतात, पन्नास गेलात तर शंभर. तेवढा काळ वाटा नाही, चांगली मुलं दुसरीकडे जातात, गुंतवणूकदार तळाशी पैसे काढतात. बाजार पुन्हा फिरतो तेव्हा फंड बंद झालेला असतो.

तुम्हाला नॅचरल गॅस आवडतो म्हणून एक गोष्ट. अमेरिकेत २००६ मध्ये ॲमरंथ नावाचा हेज फंड गॅसच्या कॅलेंडर स्प्रेडमध्ये सुमारे सहा अब्ज डॉलर हरला. सौदे लावणारा ट्रेडर त्याआधी फार मोठा नफा करून आलेला होता. पोझिशन एवढी मोठी झाली की बाहेर पडायला समोर घेणारा उरला नाही. आपल्याकडे एमसीएक्सवर लांबच्या महिन्याचा गॅस किंवा शिसं बघा. पडद्यावर भाव दिसतो, पण वीस लॉट विकायला जा, भाव तुमच्याच हाताने खाली येतो.

शिक्षणाबद्दल: सीएफएचा पीएमएसच्या पात्रतेत उपयोग होतो. पुढे तिथे प्रिन्सिपल ऑफिसर व्हायचं तर रोखे बाजारातला किमान पाच वर्षांचा अनुभवही लागतो. एमबीए चांगल्या जागेचं मिळत असेल तर करा, नाहीतर तो पैसा वाचवा. माझ्या मते पहिली चार-पाच वर्षं अशा ठिकाणी काढा जिथे खरा माल हलतो.

झवेरी_गल्ली

मृणालताईंशी सहमत. आमची पेढी सोन्याची, तिसरी पिढी. निखिल, तुमच्यासारखी मुलं हेजिंगला कमी लेखतात, म्हणून आमच्या बाजूने लिहितो.

२३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. एका दिवसात एमसीएक्सवर दहा ग्रॅममागे चार हजारांच्या आसपास भाव पडला. जगात सोनं तेवढं पडलंच नव्हतं. लंडन, न्यूयॉर्कचा चार्ट बघून तेजीत बसलेल्या माणसाला ते दिसणं शक्य नव्हतं. बाजारात ज्यांच्या तिजोरीत न विकलेला माल होता त्यांचा माल त्या दुपारी स्वस्त झाला. पण ज्यांनी तेवढंच सोनं वायद्यात विकून ठेवलं होतं त्यांना वायद्यात तेवढेच मिळाले. आमच्याकडे ठेवलेल्या मालाच्या बहुतेक भागावर वायदा विकलेला असतोच. हे करणाऱ्या मुलाला आम्ही ट्रेडर म्हणत नाही, त्याला "हिशेबवाला" म्हणतात. पण पेढी त्याच्यावर उभी असते. पावसाळ्यानंतर लग्नसराईचा माल भरतो तेव्हा मालक आधी त्याला विचारतात.

हळद_सांगली

मुंबईचं सगळं सोन्या-क्रूडवर चाललंय, शेतमालाचंही कुणी सांगा. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने सात शेतमालांचे वायदे बंद केले: बिगर बासमती भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चं पामतेल, मूग. एक वर्ष म्हणून सांगितलं आणि मुदत वाढत गेली. माझा मावसभाऊ मुंबईत एका ब्रोकरकडे सोयाबीन आणि हरभरा बघायचा. एका सोमवारी सकाळी त्याला कामच उरलं नाही. इकडे लातूर-अकोल्याच्या शेतकरी कंपन्या नुकत्या वायद्यात माल लावायला शिकल्या होत्या, त्यांचंही तेच. आमची हळद वाचली, पण उद्याचं कुणी सांगावं? निखिल, करिअर म्हणून बघताय तर हे धरूनच चाला.

मृणाल_माहीम

सांगलीकर, तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत. पामतेल त्या यादीत होतं, आणि मी त्याच मालावर वाढले. त्याआधीही हेच झालंय: २००७ च्या सुरुवातीला तूर, उडीद, गहू, तांदूळ बंद, २०१२ च्या मार्चमध्ये गवार बंद, २०१३ च्या मेमध्ये चालू. भाव चढला की वायद्यावर राग निघतो. मला ते पटत नाही. सोयाबीनचा वायदा नसला म्हणून भाव चढायचा थांबत नाही, फक्त पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला पुढच्या कापणीचा अंदाज कुठेच छापून येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जवळपास महिनाभर रोखली. इथल्या आयातदाराला तेव्हा इथे, रुपयांत, हेज करायला वायदाच नव्हता. मलेशियात करा, डॉलर-रिंगिटचं वेगळं बघा.

करिअरसाठी यातून एवढंच घ्या, निखिल: एकाच मालाचे तज्ज्ञ होऊ नका. एक माल खोल शिका, पण दोन-तीन असे ठेवा ज्यांना वेगवेगळी मंत्रालयं हात लावतात.

सीए_गिरगाव

कराचं थोडक्यात. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचा कमॉडिटी वायदा सट्ट्याचं उत्पन्न धरत नाहीत, धंद्याचं धरतात. आयटीआर-३ भरायचा. तोटा असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरा, मगच तो आठ वर्षं पुढे ओढता येतो. बिगरशेती वायद्याच्या विक्रीवर जुलै २०१३ पासून सीटीटी (कमॉडिटी सौद्यांवरचा कर) आहे, लाखाला दहा रुपये. ती रक्कम छोटी वाटते, पण दिवसात दहा वेळा आत-बाहेर करणाऱ्याने ब्रोकरेजसकट वर्षाची बेरीज एकदा तरी मांडावी. आणि डब्बा ट्रेडिंगच्या वाटेला जाऊ नका, ते बेकायदा आहे. तिथे भाव दिसतो एमसीएक्सचा, पण तुमचा सौदा एक्स्चेंजवर जातच नाही.

निखिल_कांजूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मामांना काल सांगितलं. ते नाराज झाले, पण आईला मृणालताईंचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला, तिला पटलं.

ताई, दोन प्रश्न. एक, माझ्या दहा लाखांच्या खात्यात किती मोठा सौदा करायचा हे मी आतापर्यंत मार्जिन बघून ठरवतोय. तुम्ही फंडात कसं ठरवता? दोन, माझ्याकडे दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. एक बीकेसीतला प्रॉप डेस्क, नफ्यात चांगला वाटा. दुसरा भिवंडीजवळचा तांब्याच्या तारा बनवणारा कारखाना, खरेदी विभागात हेजिंगचं काम, पगार आत्तापेक्षा जरासाच जास्त. मन पहिल्याकडे ओढतंय.

मृणाल_माहीम

आईंना नमस्कार सांगा.

मार्जिन हा एक्स्चेंजने स्वतःच्या सुरक्षेसाठी लावलेला आकडा आहे. तुमच्या खात्याला काय झेपतं हे त्याला माहीत नसतं. उलटीकडून या. हा सौदा चुकला तर किती जाऊ द्यायचे, ते आधी ठरवा. आम्ही एका कल्पनेवर भांडवलाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त लावत नाही. तुमच्या दहा लाखांवर ते पाच हजार. समजा चांदीत तुमचा स्टॉप दोन हजार रुपये लांब आहे. सिल्व्हर मायक्रो एक किलोची, म्हणजे एका लॉटला दोन हजार. दोन लॉट बसतात, चार हजार. सिल्व्हर मिनी पाच किलोची, एका लॉटलाच दहा हजार. ती तुमच्यासाठी नाही, मार्जिन कितीही असो. मोठी चांदी तीस किलोची, एका लॉटला साठ हजार. गॅसचा मोठा लॉट १,२५० एमएमबीटीयूचा (गॅस मोजायचं एकक), भाव दहा रुपये हलला की साडेबारा हजार. स्टॉप जवळ आणून लॉट वाढवायचा मोह होईल, तो करू नका. स्टॉप बाजाराच्या चालीवरून ठरतो, लॉट त्यावरून.

आणि सोनं-चांदी दोन्हीत तेजीत असाल तर त्या दोन कल्पना धरू नका, एकच धरा. डॉलर हलला की दोन्ही एकत्र हलतात.

फंडात याच्यावर आणखी एक मजला असतो. भांडवल शिखरापासून आठ टक्के खाली आलं की सगळ्या पोझिशन निम्म्या. बारा टक्के आलं की सगळं बंद, आणि गुंतवणूकदारांना पत्र. हे आकडे आम्ही त्यांना पैसे घेण्याआधी लेखी देतो. पडत्या महिन्यात त्यांचे फोन येतात ना, तेव्हा ते तोटा किती हे विचारतच नाहीत. ठरलं होतं तसंच वागताय ना, हे विचारतात. तुम्हाला पुढे मॅनेजर व्हायचंय, तर आजपासून एक वही ठेवा. सौदा का घेतला, किती लावले, कुठे चुकला असं मानाल, हे घेण्याआधी लिहायचं, तारीख-वेळेसकट. मी माणसं घेते तेव्हा नफ्याच्या स्टेटमेंटपेक्षा ही वही जास्त वेळ वाचते, आणि त्यातही सर्वांत वाईट तिमाही. सलग तोट्याच्या काळात लॉट लहान झालेले दिसले की मी तो उमेदवार दुसऱ्या फेरीला बोलावते.

नोकरीचं. मी तुमच्या जागी असते तर तांब्याचा कारखाना घेतला असता. प्रॉप डेस्क वाईट नसतो. पण तिथे पहिल्या वर्षात तुम्हाला एखादी ठरलेली पद्धत चालवायला देतील, ती चालायची थांबली की जागाही जाईल, आणि तुमच्याकडे तांब्याविषयी सांगण्यासारखं काही नसेल. कारखान्यात तुम्हाला दिसेल की लंडनचा भाव, त्यावरचा प्रीमियम, रुपया आणि शुल्क मिळून कॅथोड (शुद्ध तांब्याचा पत्रा) दारात कितीला पडतं. ग्राहक महिन्याच्या सरासरी भावाने तार मागतो आणि पुरवठादार एका दिवसाच्या भावाने कॅथोड देतो, त्यामधला धोका कुणी उचलायचा, हे रोज सोडवावं लागेल. एमसीएक्सचा तांब्याचा लॉट अडीच टनांचा, म्हणजे पंचवीस टनांच्या ट्रकमागे दहा लॉट. तो ट्रक तुम्ही अंगणात उभा बघाल. बेस मेटलमध्ये (तांबं, शिसं वगैरे) २०१९ पासून डिलिव्हरी सक्तीची झाली आणि एक्स्चेंजची गोदामं तुमच्या कारखान्याच्या आसपासच आहेत. सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून एखादं आतून बघून या. गोदामाची पावती, शुद्धतेचा दाखला, ब्रँडची यादी हे सगळं हातात घेऊन बघितलेला ट्रेडर आमच्याकडे फार कमी येतो.

मात्र होकार देण्याआधी मुलाखतीत त्यांना तीन गोष्टी विचारा. हेज पॉलिसी लेखी आहे का. मर्यादेबाहेर सौदा करायचा तर सही कुणाची लागते. आणि वायद्यात तोटा पण मालात नफा, अशा महिन्यात तुमचं काम चांगलं धरणार की वाईट. पहिल्याचं उत्तर "साहेब बाजार बघून ठरवतात" असं आलं, तर तो हेजिंगचा विभाग नाही, साहेबांचा सट्टा आहे. मग बीकेसीवाल्यांना फोन करा, आणि त्यांच्याकडे दिवसाच्या तोट्याची मर्यादा किती आहे ते लेखी मागून घ्या.